गार्नेटची तक्रार नाही

१

जेवण झालं की आर्वो निस्काला तळघरात उतरायचा आणि जगात कुठेही नसलेल्या खेळाडूंची हॉकी खेळवायचा. कॅनडातल्या थंडर बे गावात खऱ्या हॉकीला काय तोटा? पावलापावलावर बर्फाचं मैदान आणि घरटी एक तरी पडलेला दात. पण आर्वोची लीग कॉम्प्युटरमधली होती आणि तिचा कमिशनर, म्हणजे प्रमुख, तोच होता. प्रत्येक संघाला आसपासच्या एखाद्या गावाचं नाव आणि एक मालक, आणि खेळाडू म्हणजे नुसते आकडे: वेग अमुक, नेम तमुक, दुखापतीचा संभव इतका. मालकांनी दिवसभरात आपापला संघ लावून पाठवायचा, संध्याकाळी आर्वोने बटण दाबायचं, की पापणी लवायच्या आत सगळे सामने संपून निकाल लागायचे. हंगाम संपला की प्लेऑफ, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्या, प्लेऑफ संपले की ड्राफ्ट, म्हणजे प्रोग्रामने नव्याने जन्माला घातलेल्या पोरांची वाटणी. वीस वर्षं हे चालू होतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं कुणी म्हटलं तर आर्वोला राग यायचा, कारण तो रिकामा नव्हता. दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर उभं राहून, पांढऱ्या रंगाच्या नाना छटांमधला फरक लोकांना समजावून तो घरी यायचा आणि मग या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बसायचा.

आणि भाजलेली प्रत्येक भाकरी गार्नेट बोयचुकला करपलेली दिसायची.

गार्नेट त्याचा शाळेपासूनचा मित्र. सरोवराकाठच्या धान्याच्या कोठारांत नोकरी करून निवृत्त झालेला, आडव्या हाडाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. लीगमधला निपिगनचा संघ त्याचा, आणि आर्वोचं मशीन एकदा बंद पडल्यापासून लीगचा दुसरा पासवर्डही त्याच्याकडे. वीस वर्षांत निपिगनने एकदाही कप जिंकला नव्हता. दोष अर्थातच आर्वोचा. आर्वो बटण उजव्या हाताने दाबतो म्हणून निपिगन हरतं, असं गार्नेटने एकदा सगळ्यांना लिहून कळवलं होतं. मग आर्वोने महिनाभर डाव्या हाताने बटण दाबलं. तरी निपिगन हरलंच. तेव्हा गार्नेट म्हणाला, "डाव्या हाताने दाबताना तुझं मन त्यात नव्हतं."

प्लेऑफच्या आदल्या संध्याकाळी तर त्याने कहर केला. आर्वो सूपचा चमचा तोंडाशी नेतोय तोवर फोन वाजला.

"कमिशनरसाहेब, परवाचा सामना परत खेळवा."

"का?"

"दिवे लुकलुकले होते. आमची डार्लीन साक्षीदार आहे. वीज लुकलुकली की आकडे बिघडतात."

"गार्नेट, वीज तुझ्या घरची लुकलुकली. मशीन माझ्या घरी आहे."

"तार एकच आहे ना?"

आर्वोने फोन ठेवला. तो परत वाजला. ड्राफ्टचा क्रम चुकलाय, असं म्हणणं होतं. परत ठेवला. परत वाजला. समोर लोर्ना, त्याची बायको, हनुवटीखाली हात ठेवून बघत बसली होती. "तुम्ही दोघं एकमेकांशीच लग्न का नाही केलंत?" ती म्हणाली. "आणि सूप गार झालं म्हणून आता माझ्यावर कुरकुर करू नकोस."

सूप गार झालं होतं. आर्वोने कुरकुर केलीच. मग पाय आपटत खाली गेला. मालकांच्या नावांसमोर एक छोटी चौकट असायची. कुणी संघ लावायला विसरला, किंवा कंटाळून गायब झाला, तर त्या चौकटीत खूण करायची. मग तो संघ कॉम्प्युटर चालवायचा. आणि कॉम्प्युटरवर टाकलेल्या संघाची तक्रार ऐकून घेतली जात नाही, असा लीगचा नियमच होता.

गार्नेट गायब नव्हता. उलट जगात त्याच्याइतका हजर माणूस दुसरा नव्हता. तरी आर्वोने त्याच्या नावासमोर खूण केली आणि म्हणाला, "बस आता दोन दिवस बोंबलत."

२

दुसऱ्या संध्याकाळी प्लेऑफचा पहिला सामना निपिगन शेवटच्या क्षणी गोल खाऊन हरलं. आर्वो फोनसमोर बसून राहिला. घर गरम ठेवणारी भट्टी घरघरली आणि थांबली. वर लोर्नाने नळ सोडला आणि बंद केला. फोन वाजला नाही.

फोन बिघडला असेल म्हणून त्याने लोर्नाला वरून फोन करायला लावला. ठणठणीत वाजला. शेवटी त्यानेच गार्नेटचा नंबर लावला. माणसाने सुखाने बसावं, पण नाही.

"निकाल पाहिलास?"

"पाहिला," गार्नेट म्हणाला.

"मग?"

"ठीक आहे."

"अरे, शेवटच्या सेकंदाला गोल खाल्लास."

"हो. चांगला सामना झाला. लोर्ना कशी आहे?"

आर्वोने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. लोर्ना कशी आहे हे गार्नेटने जन्मात कधी विचारलं नव्हतं. लग्नातसुद्धा त्याने तिला एवढंच विचारलं होतं की तिच्या माहेरी टीव्हीवर हॉकी नीट दिसते का.

'रुसलाय', आर्वोला वाटलं. रुसू दे. सुंठीवाचून खोकला गेला.

त्या आठवड्यात निपिगन दोन सामने जिंकलं, एक हरलं. प्रत्येक निकालाला गार्नेटचं एकच उत्तर यायचं: ठीक आहे. आर्वोला इतकी शांतता लाभली की संध्याकाळ कशी घालवावी हा प्रश्न पडला. दोन दिवसांची शिक्षा संपली म्हणून तो चौकटीतली खूण काढायला गेला, तर चौकट करडी झालेली. दाबली तरी ढिम्म. तेव्हा त्याला आठवलं. मागे एकदा कुणीतरी ऐन प्लेऑफमध्ये संघ सोडून गेल्यावर लीगभर शिमगा झाला होता, आणि त्यानेच प्रोग्रामला कुलूप घातलं होतं: प्लेऑफच्या पहिल्या सामन्यापासून ड्राफ्ट संपेपर्यंत ही चौकट कुणालाही हलवता येणार नाही. आपल्याच हाताने घातलेलं कुलूप. उघडायची सोय त्याने ठेवली नव्हती, कारण सोय ठेवली असती तर गार्नेटने ती रोज मागितली असती.

मग ड्राफ्टच्या बातम्या आल्या.

या बातम्या दरवर्षी गार्नेट लिहायचा आणि सगळी लीग त्या चवीने वाचायची. पोरं प्रोग्रामने बनवलेली, त्यांना आई ना बाप. गार्नेट त्यांना दोन्ही द्यायचा. या पोराची आई रविवारी त्याचे स्केट लपवून ठेवते, त्या पोराने पाद्रीबुवांच्या गाडीची काच पकने, म्हणजे हॉकीच्या रबरी चकतीने, फोडली, हा डावरा आहे पण आजीला घाबरून उजव्याने जेवतो. वाचताना लोक हसून लोळायचे आणि मग त्याच पोरांसाठी एकमेकांच्या नरड्याला हात घालायचे.

या वर्षीच्या बातम्या वेळेवर आल्या, हीच पहिली खटकणारी गोष्ट. पहिल्या पोरापुढे लिहिलं होतं: मुलगा चांगला आहे. वेग चांगला आहे. दुसऱ्यापुढे: मुलगा चांगला आहे. नेम चांगला आहे. आर्वो शेवटपर्यंत वाचत गेला. सगळीच मुलं चांगली होती.

टेसचा फोन आला. टेस शहराची बस चालवायची आणि लीगमध्ये अतिकोकनचा संघ चालवायची. "आर्वो, गार्नेट आजारी आहे का रे?"

"नाही. सुधारलाय."

"मग त्याला सांग, जरा बिघड म्हणून. हे वाचून माझ्या प्रवाशांना झोप लागेल."

३

शनिवारी सकाळी दोघं फिनिश खाणावळीत नाश्ता करायचे. गार्नेट पॅनकेक मागवायचा, ते जाड आहेत म्हणून परत पाठवायचा, आणि दुसरे आले की पहिलेच बरे होते म्हणायचा. वाढणाऱ्या बाईला त्याची इतकी सवय होती की ती दोन्ही ताटल्या एकदमच आणायची.

त्या शनिवारी गार्नेटने मेन्यूकार्ड उघडलं, पाहिलं आणि मिटलं. "खारवलेला मासा," तो म्हणाला.

"तुला माशाचा वास सहन होत नाही."

"चालेल."

मासा आला. गार्नेटने तो खाल्ला. एक घास, पाणी. एक घास, पाणी. बाहेर सरोवराकडून वारा सुटला होता आणि खिडकीची काच हलत होती. आर्वोने मुद्दाम विषय काढला. निपिगनच्या गोलरक्षकाला शिव्या दिल्या. सरकारला दिल्या. शेवटी गार्नेटच्या आईच्या बीटच्या सूपला नावं ठेवली, ज्यावरून एके काळी त्या दोघांची मारामारी झाली होती.

"ज्याची त्याची आवड," गार्नेट म्हणाला आणि हसला. हसू चांगलं होतं. दुकानात गिऱ्हाइकाला देतात तसलं.

आर्वोची नजर त्याच्या हातावर गेली. उजवा हात काटा धरून शांतपणे खात होता. डावा टेबलाच्या कडेवर होता, आणि त्याचा अंगठा लाकडात इतका रुतवलेला होता की नख पांढरंफटक पडलं होतं. बाकीचा हात सैल. खांदा सैल. चेहरा प्रसन्न. फक्त तो एक अंगठा.

"गार्नेट, हात दुखतोय का?"

"नाही. मला बरं वाटतंय."

आर्वोने कार्ड आपल्याकडे ओढलं. खारवलेला मासा हा त्यावरचा सगळ्यात पहिला पदार्थ होता. असेल. कुठला तरी पदार्थ पहिला असणारच. माणसं म्हातारपणी बदलतात. त्याच्या स्वतःच्या काकाने सत्तरीत अचानक विणकाम सुरू केलं होतं. आर्वोने मनातल्या मनात स्वतःला झापलं आणि बिल मागवलं. ते येईपर्यंत गार्नेटचा अंगठा तसाच होता.

४

सोमवारी डार्लीन, गार्नेटची बायको, रंगाच्या काउंटरवर आली. केस कापलेले, ओठ रंगवलेले. स्वयंपाकघराला रंग द्यायचा म्हणाली.

"पाच वर्षं मागे लागले होते. परवा रंगांचं कार्ड समोर ठेवलं तर म्हणाला, हा. एका फटक्यात!" तिने कार्डावर बोट ठेवलं. पहिलाच रंग.

आर्वोने डबा यंत्रात लावला. यंत्र खडखडत डबा हलवू लागलं. "डार्लीन, तो... बरा आहे ना?"

"बरा? अरे, डॉक्टरकडे नेला होता मी. रक्तदाब पोरासारखा. डॉक्टर म्हणाले, काय करता ते करत राहा." ती हसली. "भांडी घासतो. बहिणीला फोन करतो. आणि गाड्यांना विश्रांती देतो."

"विश्रांती?"

"एक दिवस ट्रक चालवतो, दुसऱ्या दिवशी माझी गाडी. लागोपाठ दोन दिवस एकच गाडी काढत नाही. म्हणतो, थकते."

यंत्र थांबलं. आर्वोचा हात डब्यावरच राहिला. कॉम्प्युटर संघ चालवतो तेव्हा काय करतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? लागोपाठ दोन दिवस एकच गोलरक्षक उतरवत नाही. यादीतलं सगळ्यात वरचं उचलतो. अदलाबदल करत नाही. तक्रार करत नाही.

छे. पन्नाशी उलटली की माणसाला ढगातही घोडे दिसतात. एक चौकट, त्यात एक खूण. तिचा जिवंत माणसाशी काय संबंध? आर्वोने स्वतःला असं बजावलं, आणि तरीही त्याच्या तोंडून निघून गेलं, "डार्लीन, मला वाटतं माझ्या हातून काहीतरी झालंय. गार्नेटच्या बाबतीत. म्हणजे ऐकायला वेडगळ वाटेल—"

डार्लीनने डबा उचलला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "आर्वो," ती हळू म्हणाली, "रात्री तो झोपतो ना, तेव्हा त्याचा अंगठा गादीत रुतलेला असतो. मी पाहते. मग कूस बदलते." तिने डबा छातीशी धरला. "छत्तीस वर्षं मी त्याची आरडाओरड ऐकली. तू काय केलंस ते मला सांगू नकोस. आणि परत फिरवू नकोस."

ती निघून गेली. मागच्या गिऱ्हाइकाला पांढरा रंग हवा होता आणि कुठला पांढरा ते त्याला सांगता येत नव्हतं. आर्वो त्याच्यावर असा खेकसला की मॅनेजर बाहेर आला.

५

आता एकच वाट होती. प्लेऑफ संपवायचे, ड्राफ्ट उरकायचा, कुलूप उघडायचं. आर्वो रोज एकाऐवजी तीन-तीन, चार-चार सामने खेळवू लागला आणि लीगमध्ये आगडोंब उसळला. वीस वर्षांची रीत होती: एका संध्याकाळी एकच सामना, मग रात्रभर चर्वितचर्वण. कुणी त्याला हुकूमशहा म्हटलं, कुणी म्हातारचळ लागला म्हटलं.

"माझा संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत आलाय," टेस फोनवर म्हणाली, "आणि तू ती फेरी मी बस धुवायला लावली तेवढ्या वेळात संपवलीस. कसली घाई आहे तुला? गाडी सुटतेय कुठली?"

"टेस, कृपा कर. विचारू नकोस."

"कृपा गेली खड्ड्यात. हरले मी. निपिगनकडून!"

हो. निपिगन जिंकत सुटलं होतं. गार्नेटने वीस वर्षं ज्याच्यात ढवळाढवळ केली, तो संघ कॉम्प्युटरच्या हाती सरळ चालत होता. गोलरक्षक ताजे, मांडणी ठरलेली, कुणावर राग नाही, कुणावर जीव नाही. अंतिम मालिका रविवारी दुपारी आर्वोने एका बैठकीत खेळवली. बटण दाबताना त्याच्या मनात येत होतं, हर रे बाबा, आज तरी हर. गार्नेटने हा दिवस पाहायचा तर असा नाही.

निपिगनने कप जिंकला.

आर्वोने फोन लावला. "गार्नेट. कप जिंकलास."

"पाहिलं. छान झालं."

"गार्नेट, वीस वर्षांनी, अरे. कप!"

"हो. छान झालं. सगळ्यांचे आभार मान."

त्या मऊ आवाजाच्या मागून दुसरा आवाज येत होता. धप. धप. लाकडावर काहीतरी आपटल्यासारखा, जोराचा. लांबून डार्लीन म्हणाली, "गार्नेट, पाय थांबव."

"कुठला पाय?" गार्नेटने गोड आवाजात विचारलं. धप. धप. आर्वोने फोन ठेवला तेव्हा त्याला रडू फुटलं होतं आणि त्या रडण्याचाही त्याला राग येत होता.

६

ड्राफ्टच्या दुपारी गावातले मालक आर्वोच्या तळघरात जमले, बाहेरगावचे पडद्यावर आले. लोर्नाने गुलाबी साखरेचा थर दिलेले पर्शियन बन आणून ठेवले. गार्नेट वेळेवर आला, बूट काढून नीट जोडीने ठेवले आणि सगळ्यांची चौकशी करून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. लोक त्याचं अभिनंदन करत होते. तो आभार मानत होता.

त्याची पाळी आली की तो यादीतल्या सगळ्यात वरच्या पोराचं नाव घ्यायचा. प्रत्येक वेळी. टेसने त्याला डिवचलं, "कप मिळाला तर तोंडाला कुलूप लागलं का रे तुझ्या?" तो हसला. खुर्चीचा दांडा करकरला. आर्वोने तिकडे पाहिलं नाही. तो पोरांची नावं घाईघाईने टाकत होता, बोटं अडखळत होती, आणि लोकांना प्रत्येक पोरावर काथ्याकूट करायचा होता. शेवटचं पोर कुणाला नको होतं. तरी दोघं त्याच्यावरून भांडले. आर्वो ओरडला, "घ्या रे कुणीतरी त्याला, तो खरा नाहीये!"

असं या खोलीत कुणी कधी म्हटलं नव्हतं.

शेवटचं नाव टाकलं. करडी चौकट पांढरी झाली. आर्वोने खूण काढली.

क्षणभर फक्त भट्टीची घरघर. मग कोपऱ्यातून, खोल विहिरीतून बादली वर यावी तसा एक श्वास आला.

"हा कसला बटाटा उचललाय पहिल्याच फेरीत?" गार्नेट गरजला. "गोलरक्षक आहे की दाराचा अडसर? कुणी निवडला हा?"

सगळे हसले. टेस टाळ्या पिटत म्हणाली, "आला बाबा एकदाचा." आर्वोला गार्नेटच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. इतका सुंदर, इतका कर्कश आवाज त्याने उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता.

गार्नेट उठला. पाय अवघडल्यासारखा चालत टेबलापाशी आला आणि आर्वोच्या कानाशी वाकला. बाकीचे अजून हसत होते.

"मी किती ओरडलो, ठाऊक आहे तुला?" तो कुजबुजला. "तुझ्यासमोर बसून ओरडलो. मासा खाताना. डार्लीनच्या शेजारी झोपून. कप आला तेव्हा. आयुष्यात एकदा कप आला, आर्वो, आणि तू मला 'छान झालं' म्हणायला लावलंस."

"मला माहीत नव्हतं. देवाशपथ. कळल्यावर मी घाई केली, रोज चार-चार सामने—"

"कळल्यावर." गार्नेट सरळ झाला. त्याचे डोळे लाल होते. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मंडळी, आपल्या कमिशनरसाहेबांनी प्लेऑफच्या आदल्या दिवशी माझा संघ कॉम्प्युटरवर टाकला. मी हजर असताना. कारण काय, तर मी फार बोलतो."

"काय सांगतोस?" टेस म्हणाली. "आर्वो, खरं?"

आर्वोने मान डोलावली.

पडद्यावरून हुर्यो उठली. टेसचं तोंड मात्र हसऱ्याचं कडू झालं. तिला उपांत्य फेरीत कॉम्प्युटरने हरवलं होतं तर. "याला शिक्षा पाहिजे," ती म्हणाली.

"मी सांगतो शिक्षा," गार्नेट म्हणाला. "पुढच्या ड्राफ्टपर्यंत काकाबेकाचा संघ कॉम्प्युटरवर. कमिशनर पण निवांत होतील, आपण पण."

काकाबेकाचा संघ आर्वोचा होता.

"नको," आर्वो म्हणाला. तो उभा राहिला. "दंड घ्या. माझी सगळी पोरं घ्या. मला लीगमधून काढा. हे नको. गार्नेट, वर्षभर? तुला तर नुसते प्लेऑफ होते."

"नुसते," गार्नेट म्हणाला.

"अरे, कसला रडतोस?" टेस म्हणाली. "एक हंगाम तर आहे. कोण बाजूने?"

हात वर झाले. खोलीतले, पडद्यावरचे, हसत हसत. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. फक्त गार्नेटचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. आर्वोने त्याच्याकडे पाहिलं. त्या एका माणसाला माहीत होतं, आणि तोच पासवर्ड टाकत होता. आर्वोला त्याच्यावर संतापायचं होतं. हात धरायचा होता. पण मासा खाताना या माणसाचा पांढरा पडलेला अंगठा आपण पाहिला आणि बिल मागवलं, हे त्याला आठवलं, आणि तेवढ्यात गार्नेटने माउस दाबला.

७

मंडळी पांगली तेव्हा ऊन अजून होतं. लोर्ना कप गोळा करायला खाली आली. पायरीवरूनच तिने कपाळाला आठी घातली, नेहमीच्या तयारीने. ड्राफ्टनंतरची संध्याकाळ म्हणजे लोर्नाला शिक्षाच असायची. अमक्याने दगा दिला, तमक्याला अक्कल नाही, बन शिळे होते.

"बोल," ती म्हणाली. "काय काय झालं ते बोलून टाक एकदाचं."

"सगळं छान झालं," आर्वो म्हणाला.

असं तो म्हणणार नव्हता. त्याला म्हणायचं होतं, लोर्ना, गार्नेटला फोन लाव, आत्ता, या क्षणी. ते शब्द त्याच्यापाशी होते. त्याने ते जोर लावून ढकलले.

"बन फार छान होते," तो म्हणाला. "तू बस. कप मी धुतो."

लोर्ना पायरीवरच थांबली. "बरं वाटतंय ना तुला?"

आर्वोने ट्रे उचलला, वर गेला आणि नळ सोडला. सगळ्यात जवळचा कप आधी घेतला, मग त्याच्या शेजारचा. लोर्ना मागे येऊन उभी राहिली. मग तिने त्याच्या पाठीवर डोकं टेकलं, आणि शर्टाला ओल लागली तेव्हा त्याला कळलं की ती रडतेय.

"किती वर्षांनी रे," ती म्हणाली. "किती वर्षांनी असा नीट बोललास माझ्याशी. असाच राहशील ना?"

आर्वो किंचाळला. नळाचं पाणी वाहत राहिलं, खिडकीवरचा पडदा हलला, कप स्वच्छ निघाला.

"राहीन," तो म्हणाला.